ए४ई११, १:१० – हलका केला म्हणून कलला

ए४ई११ म्हणजे पाण्यात तरंगणारा हलका ब्रिटिश रणगाडा; आपलं मॉडेल त्याच्या एक-दशांश मापाचं (१:१०). मागच्या वेळी पाण्याच्या टाकीत ते कललं, तेव्हा ठरलं होतं की कलणं थांबल्याशिवाय टरेटला (वरच्या फिरत्या बुरुजाला) रंग लागणार नाही. आता रंग लागेल. मात्र दोष निघाला भलताच. मॉडेल जड नव्हतं, हलकं होतं.

आधी लक्षणं. पाण्यात सोडलं की ५ ते ६ अंश डावीकडे कलायचं आणि तिथेच टेकल्यासारखं थांबायचं. बोटाने सरळ करून सोडलं तर उजवीकडे तेवढंच. उजवीकडे २० ग्रॅम शिसं चिकटवलं, तर डावीकडून उठून धप्पकन उजवीकडे, तेही आधीपेक्षा जास्त. वजन एका अंगाला असतं तर ते कायम एकाच बाजूला कललं असतं. दोन्हीकडे कलतं म्हणजे गुरुत्वमध्य वर चढलाय. अशा वेळी कडेला शिसं चिकटवत बसणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आता आकडे. पाण्याच्या रेषेवर हल (रणगाड्याचं मुख्य धड) ११० मिमी रुंद, ३४० मिमी लांब. वजन १.९ किलो, डूब साधारण ५१ मिमी. पाण्यात सरळ राहण्याची ताकद रुंदीच्या घनावर ठरते, त्यामुळे एवढा अरुंद हल एकटा फार काही करू शकत नाही. खरं काम ट्रॅकवरच्या (साखळीपट्ट्यांवरच्या) फ्लोटचं, म्हणजे तरंगत्या ठोकळ्यांचं, कारण ते मध्यरेषेपासून ८५ मिमी लांब बसतात. पण आपले फ्लोट पाण्याच्या ८ मिमी वर लटकत होते! ८५ मिमीवर ८ मिमी म्हणजे ५.४ अंश. एका बाजूचा फ्लोट पाण्याला टेकेपर्यंत मॉडेल कलत होतं, मग थांबत होतं.

फ्लोट खाली घ्यावेत तर ड्रॉइंग बिघडतं. उत्तर मूळ रणगाड्यातच होतं. १९३१ च्या व्हिकर्स-कार्डेन-लॉइडचं वजन २.१७ ब्रिटिश टन, म्हणजे सुमारे २,२०० किलो. १:१० ला वजन हजारपट कमी होतं, म्हणजे २.२ किलो. आपण ३०० ग्रॅम कमी. हलचं पाण्यावरचं क्षेत्रफळ ३७४ चौ.सेंमी, ८ मिमी बुडवायला २९९ ग्रॅम लागतात. ग्रॅमला ग्रॅम जुळलं. आतल्या पट्ट्यांना भोकं पाडून वाचवलेलं वजन तेवढं वाया गेलं.

तळाला ३०० ग्रॅम शिसं ओतायचं ठरलं होतं, साचाही तयार होता. पण मग बॅटरीकडे लक्ष गेलं. टरेटखालच्या फळीवरची दोन सेलची (टू-एस) २२०० एमएएच लिथियम-पॉलिमर (लिपो) बॅटरी १३० ग्रॅमची. ती काढून ७.२ व्होल्टची ३००० एमएएच निकेल-मेटल हायड्राइड कांडी, ३७० ग्रॅम, थेट तळावर मध्यरेषेत. वरचं वजन गेलं, खाली कामाचं वजन आलं, शिसं फक्त ६० ग्रॅम लागलं. वेल्क्रोवर बसवली की पुढेमागे सरकवून नाकाची डूबही जुळवता येते. लिपोच्या भक्तांनी रागावू नये, इथे जडपणाच हवा आहे.

आता मॉडेल सरळ उभं राहतं. बोटाने दाबलं की दोन डोलात परत येतं. बघत बसावंसं वाटतं!

गळतीचं अजून थोडं बाकी आहे. प्रोपेलरच्या ४ मिमी शाफ्टची पितळी नळी मरीन ग्रीस भरून २० मिनिटं कोरडी राहिली. पुढच्या स्प्रॉकेटचा (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचा) ॲक्सल मात्र पाझरतो. टू-आरएस (दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं) बेअरिंग धूळ अडवतं, पाणी नाही; दुकानदार काहीही म्हणो. दोन ओ-रिंग (रबरी कड्या) आणि मधे ग्रीसची खोबण, हाच उपाय. गळती क्षुल्लक समजू नका. सपाट तळावरचं पाणी मॉडेल कलेल त्या बाजूला धावतं आणि मिळवलेली स्थिरता खातं. म्हणून तळावर मधोमध १५ मिमी उंचीची उभी पट्टी ठोकणार होतो. दोन समान कप्पे केले की हा परिणाम चौथ्या हिश्शावर येतो. पण बॅटरी बरोब्बर मध्यरेषेवर बसलीय, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या. तीन कप्पे, आणि बॅटरीलाही खाचा मिळाल्या.

फ्लोटबद्दल. मूळ रणगाड्यात ते बाल्साचे (अगदी हलक्या लाकडाचे), वरून पत्रा. मॉडेललाही बाल्साच, पण विकत घेताना तुकडा तोलून बघा. ४२० घन सेंमीचा फ्लोट ६० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ९० भरला तर दुसरा मागा. थर्माकोल वापरणाऱ्यांनी इन्स्टंट ग्लू लावू नये, विरघळतो, इपॉक्सी लावा.

रशियनांनी याच रणगाड्यावरून आपला तरंगता टी-३७ए काढला, तोही फ्लोटवाला. पुढच्या टी-३८ ला फ्लोट काढून हलच रुंद आणि बुटका केला. रुंदीच्या घनाचा हिशेब त्यांनाही चुकला नाही. पुढचं मॉडेल तेच करावं का, असा विचार डोक्यात शिरलाय.

वेग मात्र अजून कमी. मूळचा पाण्यातला ताशी ६ मैल म्हणजे स्केलला (वेग दहाने नाही, दहाच्या वर्गमुळाने भागायचा) सेकंदाला ०.८५ मीटर, आपण ०.६ वर अडकलोय. प्रोपेलरचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) बदलून बघायचाय, पण ॲक्सल कोरडा झाल्यावरच.