गंजीत घातलेला हात

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या शिक्षकाची आठवण लिहा, असं पत्र आलं. आपल्या गुरुजनांविषयी लिहिणारे माझ्याहून जाणते पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते बंबवाल्या काकांबद्दल. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव कधी नव्हतं, पण १९८६ च्या आमच्या दहावीच्या तुकडीतल्या कुणालाही विचारा, काकांनी शिकवलेलं एक तरी त्याला आजही पाठ असेल.

काका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन होते. दल म्हणजे एक लाल बंब आणि पाळीला मोजकी माणसं. उन्हाळ्यात तोच बंब टंचाईच्या वाड्यांना पाणी पोचवायचा. विसर्जनाच्या दिवशी काका कमरेला दोर बांधून कृष्णेच्या घाटाखाली पाण्यात उभे असायचे. विहिरीत म्हैस पडली तरी बोलावणं त्यांनाच. जुन्या, बंदिस्त विहिरीत उतरण्याआधी ते पेटता कंदील दोराने खाली सोडत. कंदील विझला, तर कुणालाही आत उतरू देत नसत, मग वर कितीही आरडाओरडा चालू असो.

त्यांची धाकटी माझ्याच वर्गात होती. पालकसभेला काका कधी कधी ओल्या बुटांनिशी, खाकी कपड्यांतच येत आणि मागच्या बाकावर बसत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाव फटाके उडवतं, त्यामुळे त्यांची ड्युटी ठरलेली. त्यांच्या घरची पोरं फटाके उडवायची ती पाडव्याला, बाबा घरी आल्यावर. एका पाडव्याला मात्र काकांना सुटीच मिळाली नाही. तेव्हा काकू फराळाचा मोठा डबा आणि निरांजन घेऊन थेट बंबाच्या शेडमध्ये आल्या. आधी काकांना ओवाळलं, मग बंबाच्या बॉनेटला कुंकू लावलं. आम्ही दोघं-तिघं मित्र दाराशी उभे होतो. डब्यातल्या करंज्या पाळीवरच्या सगळ्यांना पुरल्या आणि आम्हालाही मिळाल्या.

दरवर्षी एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह असतो. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की काका बंब घेऊन शाळेच्या मैदानावर येत. सुरुवात नेहमी मुंबईच्या गोदीपासून. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, त्यात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा. कापूस पेटला, बंबवाले आग विझवत असतानाच जहाज फुटलं आणि दलाचे ६६ जवान गेले. हा आकडा सांगताना ते टोपी काढून हातात घेत. मग विचारत, "आता सांगा, तुमच्या घरी चुलीशेजारी रॉकेलचा डबा कुणाकुणाकडं हाय?" पोरांचे हात वर जायचे. "आज घरी गेल्यावर पयलं काम त्येच. डबा लांब."

त्या काळात गावात नुकते गॅस येऊ लागले होते. काकांनी आम्हाला सांगितलं, की गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, ना चालू करायला ना बंद करायला. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. बंद खोलीत आग असल्याचा संशय आला तर दाराला तळवा लावायचा नाही, हाताची मागची बाजू लावून बघायची. हे सगळं ते आमच्याकडून करून घेत. शेवटी तिघा-तिघांच्या हाती होजचं तोंड देत आणि पंप हळूहळू वाढवत. पाण्याचा रेटा आम्हाला मागं ढकलू लागला की काका पाठीशी उभे राहून खांद्याने आधार देत.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती मैदानामागची गंजी. मी आठवीत होतो. चैत्रातली दुपार, वारा सुटलेला, आणि मैदानामागच्या शेतकऱ्याची कडब्याची गंजी पेटली. घंटा वाजवत बंब आला. बंबात ४५०० लिटर पाणी मावतं, हे ऐकायला खूप वाटतं, पण पंप जोरात सोडला की ते काही मिनिटांत संपतं. बंब पुन्हा भरायला कॅनॉलकडे गेला, तोवर काका आणि त्यांचे जोडीदार आकड्यांनी पेंढ्या ओढून काढत होते. अंधार पडेपर्यंत जाळ विझला. लोक घरी गेले, आम्हीही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. सातला आलो तर काका तिथंच. चेहरा काजळलेला, डोळे लाल. एकेक पेंढी सोडून बघत होते. मी म्हणालो, "काका, आग तर कालच विझली ना?" त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात उरलेल्या गंजीत कोपरापर्यंत घातला. आत ऊब होती, तापल्या भाकरीसारखी.

"वरनं इझलेली दिसती," ते म्हणाले, "आत जागीच असती. मी गेलो आन् दुपारी वारं सुटलं, तर ह्याच्या बैलांनी वरीसभर काय खायाचं?"

निम्मा कडबा वाचला. नऊ वाजता मधल्या सुटीत बघितलं, तर शेतकऱ्याच्या बायकोने आणलेला चहा ते उभ्यानेच पीत होते.

२००५ च्या पुरात शाळेच्या तळमजल्यावरचे वर्ग गाळाने भरले. पुण्याहून आम्ही काही जण आलो, तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झालेले काका आमच्याआधी हजर. कुठूनसा पंप मागून आणला होता आणि प्रयोगशाळेपासून सुरुवात केली होती. "गाळ वला हाय तवर काढा, वाळला की दगुड हुतो," म्हणत होते. वायरिंग पुरतं वाळेपर्यंत मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही, हेही त्यांनी शिपायाला चारदा बजावलं.

काका आता नाहीत. त्यांची धाकटी आज आपल्याच शाळेत विज्ञान शिकवते. महोत्सवाच्या तयारीसाठी मागच्या महिन्यात गेलो होतो. संध्याकाळी शाळा बंद करायची वेळ झाली. प्रयोगशाळेला कुलूप लावण्याआधी ती विजेच्या बोर्डापाशी थांबली आणि त्याच्या कडेला हाताची मागची बाजू टेकवली. क्षणभर तशीच उभी राहिली.

"गार आहे," म्हणाली. "चल, निघू या."