गावात मेट्रो नाही, घरात कार्डं दोन

बेळगावात मेट्रो नाही. लवकरच येईल असंही कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. तरी आमच्या गल्लीत विचारून बघा, बऱ्याच घरांतून मेट्रोचं कार्ड निघेल आणि काही घरांतून दोन निघतील, एक पुण्याचं आणि एक बेंगळूरचं. कारण सरळ आहे. सीमाभागातली पोरं शिकली की हायवेला लागतात. तिथून उत्तरेला तोंड केलं की हिंजवडी, दक्षिणेला केलं की व्हाइटफिल्ड. थोरला तिकडे, धाकटी इकडे, आणि आईबाप मधे, दोन्हीकडच्या रेल्वेची वेळापत्रकं पाठ करून बसलेले.

ही कार्डं गल्लीत फिरतात. "बेंगळूरला निघालाय काय? कार्ड घेऊन जावा की." एका कार्डावर एका वेळी एकच माणूस आत जातो, त्यामुळे नवराबायको जोडीनं निघाले की दुसरं कार्ड दुसऱ्या घरातून आणावं लागतं. परत करताना कार्डात पैसे टाकून द्यायचे हा अलिखित नियम. काही लोक तो पाळत नाहीत, त्यांची नावं गल्लीला ठाऊक आहेत.

खरं तर आता दोन कार्डांची गरजही उरलेली नाही. मार्च २०१९ मध्ये देशभर चालणारं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आलं. पुण्याचं 'एक पुणे कार्ड' त्यातलंच, आणि बेंगळूरची गेटंही आता असली कार्डं घेतात. पण मोबाईलवरून पैसे भरले म्हणजे ते लगेच कार्डात आले असं नसतं. स्टेशनातल्या मशीनवर कार्ड टेकवलं की मग ते आत उतरतात. हे ज्येष्ठ मंडळींना समजावण्यापेक्षा दोन कार्डं ठेवणं सोपं, असं आमच्याकडच्या बहुतेक घरांनी ठरवून टाकलंय.

दोन कार्डं आली म्हणजे तुलना आलीच. दोन लेकी दोन गावी दिल्यावर आई जशी दोन्ही सासरं मनातल्या मनात ताजव्यात टाकत राहते, तसं आमचं दोन्ही मेट्रोंचं चालतं. बेंगळूरची वडीलधारी. २० ऑक्टोबर २०११ ला बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड धावली तेव्हा पुण्यात मेट्रोच्या नुसत्या चर्चा होत्या. पुण्याची आली ६ मार्च २०२२ ला, वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी, असे दोन तुकडे एकाच दिवशी. बेंगळूरची गाडी सहा डब्यांची, पुण्याची तीन. बेंगळूरच्या गाडीला वर तार नाही, वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून मिळते, त्यामुळे रस्त्यावरून बघताना तो पूल अंगावर दागिना नसल्यासारखा मोकळा दिसतो. पुण्यात वर तारा आहेत. जांभळी मार्गिका मात्र दोन्हीकडे आहे, हा योगायोग आमच्याशिवाय फारसा कुणाच्या लक्षात आला नसावा.

आणि पाट्या. आमच्याकडचा माणूस कुठल्याही स्टेशनात शिरला की आधी पाटी बघतो, मग नकाशा. कुठली लिपी वर, कुठली खाली, कुठली मुळातच नाही, हे टिपायला त्याला निमिषही लागत नाही. डोळ्याला वळणच तसं लागलंय, इलाज नाही. २०१७ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात बेंगळूरच्या मेट्रो स्टेशनांवरच्या हिंदी पाट्यांवरून वाद पेटला आणि त्या झाकल्या गेल्या, तेव्हा देशभरातल्या लोकांना नवल वाटलं. बेळगावात कुणाला वाटलं नाही. आम्ही पाटी झाकणं, पुसणं, परत लावणं बघतच मोठे झालो.

पण मला मेट्रोत खरं जे वेगळं वाटतं ते पाट्यांचं नाही, विचारण्याचं आहे. आमचा प्रवास विचारण्यावर चालतो. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बस लागलेली असते, पाटी समोर असते, ती वाचताही येते, तरी माणूस खिडकीशी जाऊन विचारतोच, "ही खानापूरला जाते नव्हं?" आतला सांगतो, जाते. मग दुसऱ्याला विचारायचं. दोघांचं एक झालं की चढायचं. चढल्यावर कंडक्टरला परत विचारायचं. यात अविश्वास नसतो, ही ओळख काढण्याची रीत आहे. खानापूरला कुणाकडे, कशाला, अमक्याचे कोण लागता, हे पुढचं सगळं त्या पहिल्या प्रश्नाला लोंबकळून येतं. शिवाय सीमाभागात प्रश्न तोंडातून निघण्याआधी एक छोटा हिशेब होतो. समोरच्याला कानडीत विचारायचं की मराठीत? टोपी, पातळ, कुंकू, हातातली पिशवी, तिच्यावर छापलेलं दुकानाचं नाव, एवढ्यावरून अर्ध्या क्षणात भाषा ठरते. चुकली तरी समोरचा त्याच भाषेत उत्तर देतो आणि दोघं दोन वाक्यांनी आपापल्या सोयीच्या ठिकाणी येतात.

मेट्रोत हा हिशेब करावाच लागत नाही. गेटाला तुमची भाषा नको, नाव नको, गाव नको. कार्ड टेकवा, झडपा उघडतात. फलाटावर गाडी किती मिनिटांत येणार ते लिहिलेलं, दारावरच्या पट्टीवर स्टेशनं ओळीनं मांडलेली, दार कुठल्या बाजूला उघडणार तेही बाईचा आवाज आधीच सांगून टाकतो. विचारायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. मला हे सुरुवातीला फार आवडलं. कुणी विचारत नाही याचा एक थंडावा असतो, विशेषतः जिथं "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाचं उत्तर आवंढा गिळून द्यावं लागतं त्या भागातून आलेल्याला. बेंगळूरमध्ये बेळगाव म्हटलं की "म्हणजे मराठी?", पुण्यात बेळगाव म्हटलं की "मग कन्नड येत असेल ना?" गेट असलं काही म्हणत नाही.

आमच्या आधीच्या पिढीची गाडी बदलण्याची गोष्टच निराळी होती. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला कोलकात्यात धावली. त्या काळात बेळगावची रेल्वे मीटर गेज होती आणि पुण्याला जायचं तर मिरजेत गाडी बदलावी लागे, कारण मिरजेपासून पुढे ब्रॉडगेज. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, एक मूल कडेवर आणि एक हाताला, अशी वरात एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायची. मिरजेचा चहा, तिथले हमाल, गाडी उशिरा आल्यानं चुकलेली दुसरी गाडी, यावर आमच्या वडिलांच्या वयाची माणसं अजून तासभर बोलू शकतात. आता बेंगळूरला मॅजेस्टिक स्टेशनात रोज हजारो माणसं जांभळ्या मार्गिकेवरून हिरव्यावर जातात, जमिनीखाली, सरकत्या जिन्यानं, मोबाईलवरची नजर न उचलता. मॅजेस्टिकमध्ये गाडी बदलल्याची गोष्ट मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

पुण्यातला भुयारी भाग मला अधिक जवळचा, त्याचं कारण निव्वळ आमच्या घरातल्या बायका. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाला. गाडी मुठेच्या पात्राखालून जाते. जिल्हा न्यायालय स्टेशन तर सुमारे ३३ मीटर खोल. आमच्याकडून बसनं गेलेला माणूस स्वारगेटला उतरतो आणि तिथून एकच स्टेशन, मंडई. म्हणजे तुळशीबाग. नदीखालच्या बोगद्याचं कौतुक मी सांगायला लागलो की घरात कुणी ऐकत नाही, "मंडईला वर आल्यावर डावीकडे की उजवीकडे?" एवढंच विचारतात. प्रश्न योग्यच आहे. भुयारी मेट्रोतून वर येताना दिशा हरवते आणि चुकीच्या दारानं वर आलं की तुळशीबाग पाठीला पडते.

मधल्या मधे हुबळी-धारवाडची 'चिगरी' बस आमची रंगीत तालीम ठरली. २०१८ पासून धावणाऱ्या या बसला स्वतःचा रस्ता, काचेची स्टेशनं, तिकीट दाखवल्यावर उघडणारी गेटं. ज्यानं धारवाडला चिगरी पकडली तो मेट्रोच्या गेटासमोर बावरत नाही. माझी नंदगडची आत्या मात्र हुबळीलाही कधी गेली नव्हती. ती थेट बेंगळूरच्या मेट्रोतच आली.

नातवाच्या बारशासाठी आम्ही बेळगावहून सुटणारी वंदे भारत धरली होती. १० ऑगस्ट २०२५ ला ही गाडी सुरू झाली त्याच दिवशी बेंगळूरच्या पिवळ्या मार्गिकेचंही उद्घाटन झालं. मेट्रोच्या दारात आत्यानं पहिली हरकत घेतली ती पिशवी तपासण्याच्या यंत्राला. आत कुंदा होता. "त्या मशीनीत गोडाचं बिघडतं काय रे?" मी नाही म्हटलं. ती पट्ट्याच्या शेवटाला जाऊन उभी राहिली आणि पिशवी बाहेर आल्याबरोबर डबा उघडून, वास घेऊन, झाकण दाबून मगच पुढे आली. सुरक्षारक्षकानं बघितलं. त्यालाही वास गेला असणार, कारण तो हसला.

मी गल्लीतलं कार्ड आणलं होतं, तिच्यासाठी टोकन काढायचं होतं. मी खिडकीशी पोचायच्या आत आत्यानं कनवटीच्या पाकिटातून आधार कार्ड काढून काचेला लावलं. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट नाही. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडतो. आत्याचा खानापूर, बेळगाव, सौंदत्ती सगळा संचार या शून्यावर चालतो. खिडकीतल्या मुलीनं कानडीत नम्रपणे सांगितलं की मेट्रोला ती सवलत नाही. आत्याला पटेना. "सरकार तेच नव्हं? मग बसात फुकट आणि हितं पैसे?" फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडं वाढून जास्तीत जास्त तिकीट साठवरून नव्वद रुपयांवर गेलंय, हे मी तिला सांगितलं नाही. टोकन तिच्या हातात ठेवलं. ते तिनं उलटंपालटं करून बघितलं, बंद्या रुपयासारखं पाकिटात ठेवून दिलं, आणि उतरल्यावर गेट ते गिळून टाकणार हे कळल्यावर पैसे देऊन घेतलेली वस्तू परत का द्यायची यावर बरीच चर्चा झाली.

परतीला व्हाइटफिल्डहून बसलो. सीट मिळाली, पण मेट्रोत खिडकीची सीट असा प्रकारच नाही. दोन्ही बाजूंना लांब बाकडी, पाठ काचेला आणि तोंड समोरच्या माणसांना. आत्याला हे पसंत पडलं. समोर बारा-चौदा माणसं अशी आयती ओळीनं बसलेली तिनं लग्नाच्या पंगतीनंतर प्रथमच बघितली असावीत. फक्त सगळ्यांच्या कानांत वायरी नाहीतर पांढरी बोंडं.

"आपण कुठं उतरायचं?"

मी दारावरच्या पट्टीवरचं नाव वाचून दाखवलं. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा रेल्वे स्टेशन.

"कोण?"

मी परत सांगितलं. येताना तिथूनच चढलो होतो, पण गर्दीत आणि कुंद्याच्या काळजीत तिचं लक्ष गेलं नव्हतं. आता ती सरसावून बसली. संगोळ्ळी बैलहोंगल तालुक्यातली, रायण्णा कित्तूरच्या राणी चेन्नम्माचा सरदार, आणि इंग्रजांनी १८३१ मध्ये त्याला फाशी दिलं ते आमच्या नंदगडात. तिथला वड आणि समाधी आत्यानं लहानपणापासून पाहिलेली. घरात मराठी बोलणाऱ्या त्या बाईच्या दृष्टीनं रायण्णा नंदगडचा, बाकी वाद शहाण्यांनी घालावेत.

तिनं समोरच्या रांगेवरून नजर फिरवली, हिशेब केला आणि सलवार-कमीजमधल्या एका मुलीला कानडीत विचारलं, "बाळ, रायण्णा ठाऊक आहे काय?" मुलीनं कानातलं एक बोंड काढलं. आत्यानं दुसरं काढायची वाट बघितली. मग वडाच्या झाडापासून सुरुवात झाली. आत्याची कानडी बाजारातली, क्रियापदं अधूनमधून मराठी, पण गोष्ट अडली नाही. शेजारचा एक पोरगा ऐकत नसल्याचा आव आणून ऐकत होता. इंदिरानगर गेलं, एम. जी. रोड गेलं. विधानसौधा आल्यावर आत्यानं आमच्या बेळगावातही एक आहे, २०१२ ला बांधलेली, वर्षातून थोडेच दिवस उघडते, अशी पुरवणी जोडली. मॅजेस्टिकला निम्मा डबा उतरला, ती मुलगीही उठली. आत्या दारापर्यंत तिच्याबरोबर गेली, नंदगडला यायचं आमंत्रण दिलं आणि दार मिटता मिटता ओरडून सांगितलं, "बसनंच ये, तिकीट लागत नाही!"