आरएक्स १०० घेताना आधी नंबर, मग कागद, रंग सगळ्यात शेवटी

यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने १९८५ मध्ये आणली आणि १९९६ मध्ये बंद केली. तरीही सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात ‘एकहाती, कंपनी कंडिशन’ आरएक्स विकायला निघाली नाही असा आठवडा जात नाही आणि भाव लाखाच्या पुढेच सांगितला जातो. यातल्या बऱ्याच गाड्या जमवलेल्या असतात. एकीची चेसीस (सांगाडा), दुसरीचं इंजिन, तिसरीचे कागद आणि वर नवा रंग. अशी गाडी चालवायला छान वाटेलही, पण आरटीओसमोर उभी राहिली की ती नक्की कोणती गाडी आहे हेच सांगता येत नाही. म्हणून तपासणी किक मारण्यापासून सुरू करू नका. टॉर्च, चिंधी, लोहचुंबक, पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल एवढं बरोबर न्या.

चेसीस नंबर हँडलखालच्या मानेवर पंच केलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या आवरणावर. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने दोन्ही जागा पुसून घ्या. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, कारण खाडाखोडीच्या बारीक रेघा त्यानेच पुसल्या जातात. टॉर्च समोरून न मारता पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. आडव्या उजेडात ग्राइंडरच्या रेघा आणि खोलगट झालेला भाग लगेच दिसतो.

क्रँककेस ॲल्युमिनियमच्या ओतकामाची असते. नंबराभोवतीचा पृष्ठभाग इंजिनच्या बाकी अंगासारखाच दाणेदार दिसला पाहिजे. तेवढाच चौकोन गुळगुळीत आणि किंचित खाली गेलेला असेल, तर जुना नंबर घासून नवा मारला आहे असं समजा. कधी कधी जुना नंबर वेल्डिंगने भरून वर नवा मारतात. तिथे धातूचा रंग वेगळा दिसतो आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. ती लपवायला चंदेरी रंग मारतात, म्हणून सगळं इंजिन जुनं आणि नंबराचीच जागा ताजी रंगवलेली दिसली तर थांबा. हाताने हातोडी मारून उठवलेले आकडे एक खोल, एक उथळ, एक तिरका असे पडतात. इंग्रजी तीनचा आठ आणि एकचा चार करणं सगळ्यात सोपं, त्यामुळे आठ आणि चार भिंगाखाली बघा. दोनदा पंच बसला असेल तर आकड्याची कड दुहेरी दिसते.

त्यानंतर कागद नंबरावर ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा घ्या. मोबाइलच्या फोटोत उजेडामुळे जे लपतं ते ठशात लपत नाही. हा ठसा जपून ठेवा, आरटीओच्या फॉर्मवर पेन्सिल प्रिंट लागतेच आणि तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

चेसीसचा खरा खेळ मानेजवळ होतो. अपघातात संपलेल्या, पण कागद पूर्ण असलेल्या गाडीची नंबरवाली मान कापून चोरीच्या गाडीला जोडतात. नंबर अस्सल, कागद अस्सल, बाकी गाडी मात्र दुसऱ्याची. हे पकडायचं तर टाकी उतरवायला लावा. त्याला फार वेळ लागत नाही, आणि मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. मानेची नळी जिथे वरच्या मुख्य पाइपला मिळते तिथलं वेल्डिंग डाव्या-उजव्या बाजूला सारखं हवं. एका बाजूला लहरी आणि दुसरीकडे घासून सपाट केलेलं असेल, किंवा पाइपवर मध्येच गोल जोड दिसत असेल, तर मान बदललेली आहे. लोहचुंबक फिरवताना एखाद्या जागी पकड ढिली पडली, तर रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. मानेवर लांबी भरायला कोणतंही प्रामाणिक कारण नसतं.

घासलेला नंबर कायमचा जातो असं अनेकांना वाटतं, तसं नाही. पंच मारताना आकड्याखालचं पोलादही दाबलं जातं आणि त्याची घडण बदलते. वरचा थर घासला तरी खालचा दाबलेला भाग रसायनाला वेगळा प्रतिसाद देतो, म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जुना नंबर पुन्हा उमटवता येतो. घरी हा प्रयोग करू नका, नाहीतर नंबराशी छेडछाड तुम्हीच केली असं दिसेल. पण विकणारा ‘आता कुणाला कळतंय’ म्हणाला, तर कळतं हे लक्षात असू द्या. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

आता कागद. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर गाडीचा नंबर टाकून नोंद आहे का ते बघा. नंबराची सुरुवात आरटीओ सांगते: एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड, एमएच-१० सांगली. जुन्या आरसी बुकाच्या (नोंदणी पुस्तकाच्या) काळातल्या कित्येक गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत. त्यांची बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) ज्या आरटीओत मूळ नोंद आहे तिथेच करून घ्यावी लागते, आणि हे काम विकणाऱ्यानेच व्यवहाराआधी पूर्ण करावं. नंतर तो फोनही उचलत नाही. नोंद असली तरी बुकातला आकडा, संगणकातला आकडा आणि चेसीसवरचा आकडा हे तिन्ही एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची अदलाबदल टायपिंगमध्ये सर्रास झालेली असते. ती दुरुस्त होते. अख्खा आकडा वेगळा असेल तर तो दुरुस्तीचा विषय नाही.

नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि एमएच मालिका त्यानंतर आली. १९८६ ची म्हणून सांगितलेली गाडी एमएच-११ वर दिसली, तर ती पुन्हा नोंदलेली किंवा बाहेरून आलेली आहे. त्यात गैर काही नाही, पण जुना नंबर आणि जुन्या कार्यालयाची एनओसी कागदात सापडली पाहिजे. एनओसी म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८. नेहमीच्या खरेदीला २९ आणि ३०, मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला ३१, कर्जाचा बोजा उतरवायला ३५. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं, पर्यावरण कर त्याच वेळी भरावा लागतो. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, ‘मेकॅनिकनं बसवलंय’ हा पुरावा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडी चोरीच्या यादीत आहे का तेही बघता येतं. ते जरूर बघा.

पोलीस ठाण्यातल्या बेवारस गाड्यांच्या लिलावात आरएक्स दिसली की बोली भराभर चढते. तिथे आधी जाहीर नोटीस शब्द न् शब्द वाचा. लिलाव ‘भंगार’ म्हणून असेल तर ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येणार नाही. अशा गाडीचे सुटे भाग कामाला येतात, तेवढीच तिची किंमत. नोंदणी कायम ठेवून विक्री असेल तर फॉर्म ३२ लागतो, सोबत लिलाव मंजूर झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत. ताबा घेतल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे आणि आदेशाची प्रत हातात यायलाच त्यातले बरेच दिवस जातात. म्हणून पैसे भरतानाच त्या प्रतीचा अर्ज द्या. लिलावात ट्रायल मिळत नाही. पाहणीच्या दिवशी परवानगी असेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. पिस्टन हलत असेल तर आशा आहे. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या क्रँककेसमध्ये पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे बोली लावताना क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि सील सगळं नवं धरूनच हिशेब करा.

इंजिनात सगळ्यात जास्त फसवणूक सिलिंडरची होते. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५० मिमी, ७,५०० आरपीएमला ११ बीएचपी. नंतर आलेल्या आरएक्सजी आणि आरएक्स १३५ चं इंजिन १३२ सीसी. त्यांचा बोअर ५८ मिमी, स्ट्रोक मात्र तोच ५० मिमी. त्यामुळे स्पार्क प्लगच्या छिद्रातून सळई घालून पिस्टनची धाव मोजली तर दोन्ही सारखीच येते, त्या मापाला काही अर्थ नाही. हेड उघडून व्हर्नियरने बोअर मोजा. ५०.२५, ५०.५०, ५०.७५, ५१.०० म्हणजे रिबोअर झालेलं (झिजल्यावर आतून कापून मोठं केलेलं) अस्सल सिलिंडर. ५८ च्या आसपास आलं तर तुम्ही १३५ बघताय, टाकीवर काहीही लिहिलेलं असो. ओव्हरसाइझ (वाढीव मापाच्या) पिस्टनच्या डोक्यावर त्याचं माप कोरलेलं असतं, बारीक टॉर्चने ते प्लगच्या छिद्रातूनही कधी कधी वाचता येतं. चौथ्या ओव्हरसाइझवर आलेलं सिलिंडर म्हणजे पुढच्या खेपेला स्लीव्ह, आत नवी नळी बसवणं. गिअर मोजा, चारच हवेत. पाचवा पडला तर गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आहे.

क्रँककेसची डावी-उजवी बाजू कारखान्यात जोडीने मशीन केलेली असते. नंबराची म्हणून एकच बाजू बदलली तर बेअरिंगच्या बैठका एका रेषेत येत नाहीत आणि क्रँक लवकर खराब होतो. दोन्ही बाजूंचा रंग, झिजणं, गंज सारखा आहे का ते बघा.

क्रँकच्या दोन्ही टोकांचं सील (रबरी कडं) गेलंय का ते ओळखणं सोपं आहे. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी कुठे गळती नसताना कमी होते. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम वरच राहतात आणि लांबच्या चढावर पिस्टन जाम होतो. ऑटोल्यूब पंप (इंजिनात ऑइल आपोआप सोडणारा) चालू आहे की काढून टाकलाय तेही विचारा. काढला असेल तर पेट्रोलच्या लिटरमागे २५ ते ३० मिली टू-टी ऑइल टाकीत टाकणं आलं. ते एकदा विसरलं की सिलिंडर गेला.

गाडी आयुष्यभर कुठे होती हे गंज सांगतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण या भरपूर पावसाच्या भागातली गाडी वरून कितीही चमकली तरी टाकीखालचा मुख्य पाइप, बॅटरीचा ट्रे आणि स्विंगआर्मची आतली बाजू बघायलाच हवी. कोरड्या माण-खटावकडची गाडी पत्र्याला बहुधा चांगली सापडते, पण धुळीमुळे एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालेलं असेल तर पिस्टन-रिंगा घासलेल्या असतात. दूध वाहिलेल्या गाड्याही बऱ्याच आहेत. कॅनचे हूक अडकवायला मागच्या फ्रेमवर केलेलं वेल्डिंग काढून टाकलं तरी खुणा राहतात आणि शॉकॲब्सच्या वरच्या बैठका बाहेर फाकतात. मागून दोरी धरून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा.

एस्कॉर्ट्सचीच राजदूत ३५० हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. १९८३ पासून १९८९ पर्यंत बनलेली ही ३४७ सीसीची दोन सिलिंडरची, सहा गिअरची गाडी. आधीची हाय टॉर्क (एचटी) ३०.५ बीएचपीची, नंतर मायलेजसाठी आणलेली लो टॉर्क (एलटी) २७ बीएचपीची. एचटीला भाव जास्त, म्हणून एलटी एचटी म्हणून विकली जाते. फरक सिलिंडरच्या पोर्टमध्ये (वायू ये-जा करायच्या छिद्रांत) आणि सायलेन्सरमध्ये आहे, स्टिकरमध्ये नाही. त्यामुळे सिलिंडर न उघडता एचटीचे पैसे देऊ नका. दुसरं, भारतातल्या राजदूतच्या पुढच्या चाकालाही ड्रम ब्रेकच होता. पुढे डिस्क दिसली तर ती नंतर बसवलेली आहे. थांबायला ती उत्तमच, पण ‘ओरिजिनल’ म्हणून तिचे जास्त पैसे मागणं चूक आहे.

एवढं सगळं पटलं तरच ट्रायल. सपाट रस्त्यावर टू-स्ट्रोकचा आजार दिसत नाही. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट चढवा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागे एक माणूस बसवून. वर पोचताना ताकद कमी होत गेली किंवा खणखण आवाज आला तर लगेच क्लच दाबा. वर पोचल्यावर गाडी बंद करून पाच मिनिटं थांबा आणि गरम इंजिनवर किक मारा. पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू झाली पाहिजे. मग प्लग काढा. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर कुठून तरी हवा आत येतेय, काळा-ओला असेल तर कार्बोरेटर किंवा ऑइल पंपाची सेटिंग चुकलेली आहे. काळ्या प्लगसाठी भाव थोडा पाडून घ्या. पांढऱ्या प्लगसाठी पूर्ण इंजिनकामाचा खर्च वजा करूनच बोला.