तिसावा दिवस

"एक फोन लावा त्याला. वकिलाचा फोन आला की लगेच देईल बघा," असं म्हणत मावशींनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. नंबर आधीच काढून ठेवलेला होता.

शनिवारच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात ही फर्माईश दर आठवड्याला एकदा तरी येतेच. आम्ही फोन लावत नाही. लावला की आपण सल्लागार राहत नाही, वसुलीवाले होतो. शिवाय समोरचा "हो मॅडम, सोमवारी नक्की" म्हणतो आणि आणखी एक सोमवार फुकट जातो. हे सगळं मी समजावून सांगितलं. मावशींना ते काही पटलं नाही. मग त्यांनी हकिकत अगदी मुळापासून सांगायला घेतली आणि मी वही उघडून ऐकत बसले. चूक तिथेच झाली.

मावशी घरी शिलाईचं जॉबवर्क करतात. गणवेशांच्या दोन हंगामांची मजुरी व्यापाऱ्याने थकवली होती. खूप मागे लागल्यावर त्याने २० मेचा चेक दिला, तोही "मी सांगेपर्यंत टाकू नका" या बोलीवर. मावशी थांबल्या. ऑगस्टमध्ये धीर सुटला तेव्हा टाकला, आणि चेक परत आला. तो कधी काय म्हणाला, दुकानात कोण कोण हजर होतं, हे मी वीस-पंचवीस मिनिटं मन लावून लिहून घेत होते. मागून आमचे सीनियर सर चालले होते. ते थांबले, टेबलावरच्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मेमो कुठाय?"

मेमो, म्हणजे चेक परत करताना बँक देते ती चिठ्ठी, पासबुकात चार घड्या घालून ठेवलेला होता. कारण : अपुरी शिल्लक. तारीख : १४ ऑगस्ट. त्याच दिवशी तो मावशींच्या हातात आला होता. सर उभ्या उभ्या बोटांवर मोजायला लागले. मेमोचा दिवस सोडायचा. पंधरापासून एकतीसपर्यंत सतरा. पुढचे तेरा. समोरच्या कॅलेंडरवर १३ सप्टेंबर होता.

"आज तिसावा," सर म्हणाले.

चेक न वटल्याचा गुन्हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ मध्ये येतो. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. मग त्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस द्यायचे, आणि तरीही त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफ करून घेता येतो. नोटिशीच्या उशिराला माफी नाही. चेक पुन्हा बँकेत टाकून नवी मुदत मिळवायची वाटही बंद होती, कारण चेक तीन महिनेच चालतो आणि ते ऑगस्टमध्येच संपले होते. दिवाणी दावा तीन वर्षांपर्यंत करता आला असता, पण ज्याची व्यापाऱ्याला भीती वाटेल ते हत्यार त्या संध्याकाळी हातातून गेलं असतं.

पोस्टाची खिडकी बंद व्हायला तासभरही नव्हता. केंद्रातला प्रिंटर शनिवारी शाई नसल्याचं सांगतो (इतर वारी काय सांगतो, मला माहीत नाही). मी कार्बन लावून हाताने लिहायला बसले. नोटीस वकिलाच्या लेटरहेडवरच हवी असं काही नाही. मावशींच्या नावाने, मावशींच्या सहीने चालते. पत्त्यावर पुन्हा अडलं, कारण चेकवर फर्मचं नाव होतं, पत्ता नव्हता. तो पिशवीच्या तळाशी मालाच्या एका जुन्या चलनावर सापडला.

"बाकीची मजुरीपण लिहा ना, ताई. व्याजपण लिहा."

नाही म्हटलं. नोटिशीत मागणी चेकच्याच रकमेची असली पाहिजे, बाकीचं वेगळं बघू. मजकूर पुरा झाला आणि मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मावशींनी मध्येच हात वर केला. "शहाऐंशी नाही. अडुसष्ट हजार पाचशे."

मी ६८,५०० चे ८६,५०० केले होते. कार्बनखालच्या प्रतीतही. अंगावर सर्रकन काटा आला. खाडाखोड न करता अख्खं पान पुन्हा लिहिलं, आणि या वेळी रक्कम अक्षरीसुद्धा टाकली. मावशींनी सही केली आणि आम्ही दोघी रिक्षाने पोस्टात गेलो. स्पीड पोस्टाची पावती हातात पडली तेव्हा मागे शटर अर्धं खाली आलं होतं.

पुढच्याच आठवड्यात, १९ सप्टेंबर २०२५ ला, सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. चेक एक कोटीचा, नोटिशीत मागणी दोन कोटींची. टायपिंगची चूक झाली, असं तक्रारदाराचं म्हणणं. कोर्टाने ते मानलं नाही, नोटीसच बेकायदा ठरली. ती बातमी मी बसमध्ये वाचली आणि स्टॉप चुकले.

व्यापाऱ्याचा लिफाफा 'घेण्यास नकार' शेरा घेऊन परत आला. त्याला वाटलं सुटलो. पण योग्य पत्त्यावर गेलेलं टपाल नाकारलं तरी ते मिळालं असंच धरतात. पुढे कोर्टात जायला मावशींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाला. उत्पन्नाचा दाखला काढावा लागेल म्हणून त्या धास्तावल्या होत्या. मी सांगितलं, तुम्ही बाई आहात एवढंच पुरे आहे, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. "बाई असल्याचा फायदा पहिल्यांदाच ऐकतेय," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरात तक्रार दाखल झाली. कागद द्यायला आल्या तेव्हा मावशींनी पर्समधून एक कडक, चकचकीत चौकोन काढला. पोस्टाच्या पावतीवरची शाई उडते, जपून ठेवा, असं मी त्यांना बजावलं होतं. त्यांनी ती लॅमिनेट करून आणली होती. थर्मल कागद तो, गरम रोलरखाली सगळा काळाठिक्कर पडला होता.

झेरॉक्स माझ्या फायलीत होती. पोस्टातून परततानाच काढली होती, सरांच्या धाकाने.