पिवळ्या पट्ट्यातला ओटा

विकास आराखड्याच्या नकाशात माणसं राहतात तो भाग पिवळा, दुकानं निळी, कारखाने जांभळे आणि शेती हिरवी. हे रंग ठरवणारा माणूस खान्देशातला नसणार. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की इथलं शिवार पार पिवळं पडतं आणि गावातले चार कडुलिंब तेवढे हिरवे राहतात. अर्थात कागदावरचा हिरवा असा ऋतूबरोबर बदलत नाही. तो बदलायला शासनाची अधिसूचना निघावी लागते.

मागे ओळखीतले एक जिभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. मुलाला नोकरी लागली की पोरीचं जमलं, हे विचारायच्या आतच म्हणाले, "आमनं वावर पिवयं व्हयनं!" कपाशी पिवळी पडली तर हाच माणूस कृषी केंद्रवाल्याचं डोकं खातो. इथे मात्र गाल फुलले होते, कारण एकराच्या भावाने विकायची जमीन आता चौरस फुटाने विकता येणार होती. वावरात तसं काहीच घडलं नव्हतं. तूर जिथल्या तिथे उभी होती, बांधावरची बाभूळ तशीच. पण महिन्याभरात दलालांच्या मोटारसायकली धुरळा उडवू लागल्या, तूर सोंगली गेली, चुन्याच्या रेघा पडल्या आणि सिमेंटच्या बुटक्या खांबांवर लाल आकडे आले. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तिला आमच्याकडे सगळे 'ओपन पेस' म्हणतात. तिथे आधी गाजरगवत येतं, मग मारुती येतो. त्यानंतर त्या जागेला हात लावायची कोणाची टाप नसते, त्यामुळे खरं तर ती वाचतेच.

जळगावात मेहरूणच्या बोरांचं नाव होतं. तलावाच्या अंगाने बोरांच्या बागा होत्या, हिवाळ्यात पाटीवाल्या 'मेहरूणची बोरं' अशी हाळी देत फिरायच्या. आता मेहरूण हा शहराचाच भाग आहे. पाटीवाली कुठलीही बोरं त्याच नावाने विकते आणि आपणही तोंड वाकडं न करता घेतो.

जमिनीला असे खाने पाडायची कल्पना काही फार जुनी नाही. न्यूयॉर्कने 1916 साली संपूर्ण शहरासाठी असे नियम केले. त्याच्या आदल्याच वर्षी तिथे इक्विटेबल बिल्डिंग नावाची अवाढव्य इमारत पुरी झाली होती आणि तिच्या सावलीने शेजारपाजारच्यांचं ऊन बंद केलं होतं. दहा वर्षांनी ओहायो राज्यातल्या युक्लिड या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आमची जमीन, आम्ही वाटेल ते करू, असं जमीनवाल्या कंपनीचं म्हणणं. न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालात लिहिलं, की उपद्रव म्हणजे बरेचदा योग्य वस्तू अयोग्य जागी असणं, जसं डुक्कर गोठ्याच्या आवारात असायचं ते दिवाणखान्यात आलं तर.

सदरलँड साहेबांना आमचं आजोळ दाखवायला हवं होतं. धाब्याचं घर. दारातून आत शिरलं की पहिल्याच खणात बैलजोडी आणि म्हैस, तिथून दोन पायऱ्या चढलं की बैठक, त्यामागे चूल. पाहुण्याला बैलाच्या शिंगांना वळसा घालूनच आत यावं लागे. वेचणीचे दिवस आले की बैठकीत कापूस, तो थेट वरच्या सऱ्यांना टेकलेला. भाव वाढेपर्यंत तो तिथेच आणि आम्ही पोरं त्याच्यावर. मऊ लागायचं, पण रात्रभर अंगाला खाज. रहिवास, गोठा, गोदाम आणि वायदेबाजार एकाच छपराखाली. त्या घराला नकाशात कोणता रंग द्यायचा?

याचा अर्थ आपल्याकडे सगळं सरमिसळ आणि गुण्यागोविंदाने चाललं होतं असा मुळीच नाही. कोणी कुठे राहायचं ते गावाने कागदाशिवायच पक्कं ठरवलेलं होतं. तेली गल्ली, कासार गल्ली, आणि गावकुसाबाहेरची वस्ती. या झोनची हरकत-सूचना कधी निघाली नाही आणि सुनावणीही झाली नाही. युक्लिडचा तो निकाल तरी कुठे सोवळा होता? बंगल्यांच्या वस्तीत भाड्याच्या खोल्यांची इमारत म्हणजे निव्वळ बांडगूळ, असं त्यातच म्हटलं आहे. नकाशावर रेघ मारणाऱ्याच्या मनात नुसता धूर आणि गोंगाट नसतो, शेजारी कोण नको हेही असतं.

पण सरळ रेघेचा मोह मी समजू शकतो. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. धुळेकर पत्ता असाच सांगतो. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळं मुख्यालयासाठी निवडलं. पांझरेकाठच्या जुन्या गावाला लागून आखीव नवी वस्ती वसवली आणि व्यापारी यावेत म्हणून त्यांना घरांसाठी जागा दिल्या. हे सगळं विश्वेश्वरय्यांनी केलं, असं धुळ्यात अजूनही कोणीतरी छातीठोक सांगतं. ते धुळ्याला आले हे खरं, पण 1884 साली, तरुण इंजिनियर म्हणून, आणि तोवर या गल्ल्या कधीच्या वापरात होत्या. चांगल्या सरळ रस्त्याचं श्रेय एखाद्या नामवंत इंजिनियरालाच द्यावंसं वाटतं, त्याला इलाज नाही.

कापसाचं तर विचारूच नका. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि इथल्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. त्याच दशकात रेल्वे आली. मग खान्देशातल्या स्टेशनांच्या गावी जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, उभे राहिले. ते गावाबाहेर, रुळांच्या बाजूला असायचे, याला दोन कारणं. गाठी थेट वाघिणीत भरता येत, आणि जिनला आग लागली तर ती गावात येऊ नये. आग लागायचीच. आमच्या तालुक्याच्या गावातही स्टेशनाकडे असा जिन होता, पत्र्याच्या लांबलचक शेडचा. गाव वाढत वाढत त्याला ओलांडून पुढे गेलं आणि बाहेरचा जिन ऐन मध्यात आला. यंत्रं गेली, शेड राहिली. आता तिथे लॉन्स आहे. जिथे बैलगाड्या कापूस उतरवायला रांग लावायच्या, तिथे वरातीचा डीजे उभा असतो. जळगावात स्टेशनालगत खान्देश मिल होती, तिच्या भोंग्यावर शहराची घड्याळं लागत. आज त्या जागेवर खान्देश सेंट्रल हे व्यापारी संकुल आहे. नाव तेवढं सांभाळलं.

नकाशा कितीही काळजीने काढा, कागदावर उतरेपर्यंत तो कालच्या गावाचा होऊन बसतो. कायद्याने आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. वीस वर्षांत आमच्याकडे पोरगं जन्मतं, शिकतं, पुण्याला जातं आणि फ्लॅटचे हप्ते भरायला लागतं. आमच्या मागच्या गल्लीतला एक प्लॉट आराखड्यात भाजी मंडईसाठी राखीव आहे. तिथे पोरं क्रिकेट खेळतात. क्रीडांगणासाठी राखीव असलेल्या जागेच्या कडेला भाजीवाल्या बसतात. दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली तर आराखडा शंभर टक्के अंमलात आला असं म्हणता येईल. आरक्षणाचंही एक आयुष्य असतं. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम 127 आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या ठरावीक मुदतीतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. या एका कलमावर वकिलांचे किती बंगले उभे आहेत, आणि ते बंगले कोणत्या पट्ट्यात आहेत, हे कोणीतरी शोधायला हवं.

खरा बदल नकाशावर होत नाही, तो ओट्यावर होतो. आमच्या कॉलनीत घरं बांधली तेव्हा प्रत्येकाने पुढे ओटा काढला, संध्याकाळी बसायला म्हणून. मग एकाच्या ओट्यावर दुधाच्या पिशव्यांचा फ्रिज आला. दुसऱ्याच्या ओट्यावर शिलाई मशीन, त्याला लागून फॉल-पिको. तिसऱ्याने ओट्याला शटर लावलं आणि झेरॉक्स काढली. समोरचे सर निवृत्त झाल्यावर गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागले, तेव्हापासून दुपारी चारला गल्लीत सायकली लावायला जागा नसते. हे करताना कोणीही झोन दाखला बघितला नाही. 2020 साली राज्याची बांधकामांसाठीची एकत्रित नियमावली आली. पुरेशा रुंद रस्त्यावर असेल तर रहिवासी भागातही दुकान चालतं, वकील-डॉक्टर आपल्या घरात बसून काम करू शकतात, असं बरंच काही तिच्यात आहे. ओटे मात्र त्याच्या कितीतरी आधीच उघडले होते.

आता नवीन प्रारूप आराखडा लागला आहे, हरकतींना तीस दिवसांची मुदत. नगरपरिषदेच्या भिंतीवरच्या नकाशात जो तो आपलं घर बोटाने शोधतो. आमच्या गल्लीतून दोन अर्ज गेले. एक शेजारच्या वहिनींचा. त्या हिवाळ्यात ऑर्डरप्रमाणे भरीत करून देतात. हिरवट पांढरी मोठाली वांगी, मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि मिरचीचा ठेचा. काम इतकं वाढलं आहे, की गल्लीला व्यापारी वापराची मुभा मिळावी असं त्यांचं म्हणणं. दुसरा अर्ज सरांचा. रहिवासी भागात धूर होतो, विद्यार्थ्यांना ठसका लागतो, सबब मुभा देऊ नये.

वहिनींना अर्जाची भाषा जमेना, म्हणून त्या सरांकडेच गेल्या होत्या. सरांनी त्यांचा अर्ज वळणदार अक्षरात लिहून दिला, 'व्यवसाय' मधला पहिला व पोटफोड्या ब झाला होता तो सुधारला, खाली नियमावलीतलं कलमही टाकलं. मग दुसरा कागद घेऊन आपली हरकत लिहिली. दोन्ही अर्ज तेच घेऊन गेले, दोन्हींवर एकाच दिवसाचा पोचशिक्का आहे. येताना त्यांनी रविवारसाठी दोन किलो भरीत सांगून ठेवलं, तिखट जरा कमी.

सुनावणी डिसेंबरात लागेल म्हणतात. वहिनी म्हणाल्या, तेव्हा नको, ऐन वांग्यांच्या दिवसांत मला वेळ नसतो. तारीख पुढे ढकलण्याचा अर्जही आता सरच लिहीत आहेत.