काटा वर सरकला म्हणून गायब होऊ नका

हे मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय, ज्यांच्या वजन कमी करण्याच्या (बॅरिअॅट्रिक) सर्जरीला दोन-तीन-चार वर्षं होऊन गेलीत आणि आता काटा हळूहळू वर सरकायला लागलाय. नवीन लोकांना सांगणारे सगळे असतात, डॉक्टर असतात, डायटिशियन असते, घरचे पण पहिले काही महिने तळहातावरच्या फोडासारखं जपतात. तिसऱ्या वर्षाला मात्र कुणी वाली नसतो.

माझी स्वतःची स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची सर्जरी, झालीय, बरीच वर्षं झाली त्याला, आणि तेव्हापासून मी सर्जरी झालेल्या लोकांच्या ग्रुपमध्ये आहे. तिथे एक गोष्ट मी परत परत बघतेय आणि दर वेळी तितकाच त्रास होतो. पहिल्या वर्षी माणूस प्रत्येक भेटीला येतो, जुने कपडे किती ढगळ झाले ते दाखवतो, जिने चढताना धाप लागत नाही म्हणून सांगताना डोळ्यात पाणी येतं त्याच्या. मग कधीतरी चार-पाच किलो परत येतात. आधी ग्रुपची एखादी भेट चुकते, मग डायटिशियनची अपॉइंटमेंट पुढे ढकलली जाते, मग फोन उचलणं बंद. कारण एकच असतं, "आता कुठल्या तोंडाने जाऊ." आणि नेमकं ज्या वेळी मदतीची सगळ्यात जास्त गरज असते त्याच वेळी हा माणूस एकटा पडतो.

म्हणून आधी एक आकडा सांगते, कारण हा आकडा माहीत नसल्यामुळेच लोकांना वाटतं की आपण एकटेच नापास झालो. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, चार हजारांच्या वर लोक, निम्म्यांच्या आसपास लोकांची सर्जरी झालेली आणि बाकीच्यांची नाही, आणि त्यांना वर्षानुवर्षं फॉलो केलं. त्यात गॅस्ट्रिक बायपासवाल्यांचं (जठराचा छोटा पाऊच म्हणजे पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, ती सर्जरी) वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी कमी झालं, आणि दहा वर्षांनी बघितलं तेव्हा ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे बघा, सरासरी माणसाचंसुद्धा थोडं वजन परत आलंच. आणि तरीही त्या अभ्यासात सर्जरी झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण सर्जरी न झालेल्यांपेक्षा कमी होतं. त्यामुळे सगळ्यात खाली गेलेला काट्याचा आकडा धरून बसू नका, तो आकडा बहुतेकांचा टिकत नाही. तुमची तुलना ऑपरेशनच्या आदल्या दिवसाशी करा.

आणि हे का होतं तेही समजून घ्या म्हणजे स्वतःला शिव्या देणं थांबेल. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, त्यातच वरचा जो भाग जातो तिथे भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन जास्त तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही, आपल्याला वाटतं वा सुटलो एकदाचे. पण पुढे भूक परत येते. बऱ्याच जणांची येते. त्यात भर म्हणजे वजन उतरलेलं शरीर आधीपेक्षा कमी ऊर्जा जाळतं, त्याला ते गेलेलं वजन परत हवं असतं, आणि ही ओढ वर्षानुवर्षं राहते. हे काही तुमच्या मनाच्या कमकुवतपणामुळे होत नाही हो. लठ्ठपणा हा परत डोकं वर काढणारा आजार आहे, आणि आजार परत डोकं वर काढतो तेव्हा आपण डॉक्टरकडे जातो, लपून बसत नाही.

बरं, फक्त वजनासाठी सांगत असते तर एवढं लांबलचक लिहिलं नसतं. खरी भीती वेगळीच आहे. जो माणूस लाजेने फॉलोअप सोडतो त्याच्या ब्लड टेस्टही सुटतात आणि हळूहळू गोळ्याही सुटतात, आणि तिथे कायमचं नुकसान होऊ शकतं. बी-१२ चं उदाहरण घ्या. त्याचा साठा लिव्हरमध्ये खूप काळ पुरतो, त्यामुळे गोळ्या बंद केल्या तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही, माणूस म्हणतो मला काही गरज नाही बहुतेक. मग कधीतरी पायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, आणि नसांचं नुकसान जास्त दिवस राहिलं तर सगळं भरून येईलच असं नाही. आयर्नचं पण तसंच, बायपासमध्ये लहान आतड्याचा जो सुरुवातीचा भाग वगळला जातो तिथेच आयर्न जास्त शोषलं जातं, मासिक पाळी चालू असलेल्या बायकांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घेतलेलं बरं कारण त्याला पचायला अॅसिड कमी लागतं, एकदम सगळा डोस न घेता दिवसात वाटून घ्यायचं, आणि आयर्नची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यात निदान दोन तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर एक दुसऱ्याला शोषूच देत नाही. व्हिटॅमिन डी आणि मल्टिव्हिटॅमिन आहेच. हे सगळं आयुष्यभर आहे, वजन उतरलं तरी आणि चढलं तरी.

अजून एक, हे मी प्रत्येकाला सांगते, नवीन असो की जुना. सारख्या उलट्या होत असतील, पोटात काही टिकत नसेल तर "होतं असं सर्जरीनंतर" म्हणून घरी थांबू नका. शरीरात थायमिनचा म्हणजे बी-१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, तो संपला की डोळ्यांची हालचाल, तोल, स्मरणशक्ती यांवर परिणाम होतो आणि तो कायमचा राहू शकतो. इमर्जन्सीत कुठल्याही दवाखान्यात गेलात तर पहिल्या वाक्यात सांगा की माझी बॅरिअॅट्रिक सर्जरी झालीय, कारण थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते, आणि समोरच्या डॉक्टरला तुमची हिस्टरी माहीत नसते. बायपासवाल्यांना वर्षांनंतर पोटात अचानक जोरात कळा आल्या तरी तसंच, वाट बघायची नाही, आतल्या आत आतडं अडकलेलं असू शकतं. पेनकिलरचं पण लक्षात ठेवा, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या बायपासनंतर अल्सर करतात, दात दुखला म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने आणून खायच्या नाहीत. आणि सिगारेट, तीही अल्सरला बोलावणंच.

आता नवीन मंडळींसाठी थोडं, कारण तुम्हीही कधीतरी तिसऱ्या वर्षात येणार आहात.

पहिल्या काही आठवड्यांत काटा धाडकन खाली येतो आणि मग एक दिवस थांबतो, बऱ्याच जणांचा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास थांबतो, आणि माणूस घाबरतो की माझ्यावर सर्जरीचा परिणामच झाला नाही. झालाय. सुरुवातीच्या वजनात पाणी खूप असतं, ते गेलं की वेग कमी होतोच, अशा वेळी इंचटेप घ्या आणि काटा आठवड्यातून एकदाच बघा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतील, अंघोळ करताना हातात पुंजके येतात आणि रडूच येतं, पण शरीराला बसलेल्या धक्क्यामुळे होतं हे, बहुतेकांचे केस परत येतात, फक्त प्रोटीन कमी पडू देऊ नका, दिवसाला ६० ते ८० ग्रॅमच्या आसपास सांगतात पण तुमच्या डायटिशियनने सांगितलेला आकडा तो तुमचा. वर्ष उलटून गेलं तरी गळत असतील तर आयर्न आणि झिंक तपासून घ्या. पाणी घोट घोट, दिवसभर, जेवताना नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ताप, छातीत धडधड, श्वास लागणं, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा, कुणाला त्रास नको म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही.

लोकांच्या बोलण्याबद्दल पण बोलूया, कारण त्याने खूप जण खचतात. "शॉर्टकट मारलास" हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलंय. अरे, गुडघा बदलून घेतलेल्या माणसाला कुणी म्हणतं का शॉर्टकट मारलास म्हणून? या शॉर्टकटमध्ये आयुष्यभराच्या गोळ्या आहेत, दोन घासांनंतर हात थांबवणं आहे, चारचौघांत ताट बाजूला सारणं आहे, गोड जरा जास्त झालं की बायपासवाल्याला अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात ढवळणं आहे. तुम्हाला कुणाला उत्तर द्यायची गरज नाही. सांगायचं की नाही, कुणाला सांगायचं, हा निर्णय पूर्ण तुमचा, आणि नाही सांगितलंत म्हणून तुम्ही खोटारडे ठरत नाही.

मनाचं मात्र कुणाला तरी सांगाच. आरशात अजून तोच जुना माणूस दिसतो, दुकानात हात आपोआप मोठ्या साइजकडे जातो, सैल पडलेली कातडी बघून वाटतं की एवढं करून काय मिळवलं. घरातली नाती पण हलतात, स्वीडनमधल्याच एका अभ्यासात सर्जरीनंतर घटस्फोटही वाढलेले दिसले आणि एकट्या असलेल्यांची नवीन लग्नंही वाढलेली दिसली, म्हणजे माणूस बदलतो तसं आजूबाजूचं सगळंच बदलतं. आधी दुःख झालं की खायचो, आता ते दार बंद, मग काही जण दारूकडे वळतात, आणि सर्जरीनंतर, बायपासनंतर तर जास्तच, दारू फार पटकन चढते आणि सवय पण लागू शकते. मला वाटतं यावर आपल्यात पुरेसं बोललं जात नाही. मन फार खाली जात असेल, जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, सर्जनच्या टीमला सांगा, घरच्याला सांगा, मानसोपचार हा पण या उपचाराचाच भाग आहे.

तर ज्यांचं वजन परत आलंय, त्यांनी करायचं काय. उपाशी राहायला लागू नका आणि परत लिक्विडवर जाऊन पोट रीसेट वगैरे करण्याच्या नादी लागू नका, मला तरी त्याने कुणाचं लांबच्या पल्ल्यात भलं झालेलं दिसलं नाही. आधी तपासणी. पाऊच किंवा स्लीव्ह कशी आहे, थायरॉइड, शुगर, कुठलं नवीन औषध सुरू झालंय का ज्याने वजन वाढतं, झोप होतेय का. जळजळ असेल तर तीही सांगा, स्लीव्हनंतर ती वाढू शकते आणि जळजळीमुळे लोक नकळत मऊ, सहज उतरणारं खात राहतात, बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, ज्याने पोट भरल्याचं कळतच नाही आणि कॅलरी मात्र पोटात जातच राहतात. मग पुन्हा तेच साधं, प्रोटीन आधी, पाणी वेगळं, वजन उचलण्याचा थोडा व्यायाम म्हणजे स्नायू टिकतात. त्याने नाही भागलं तर आता वजनावरची इंजेक्शनं आहेत, ती सर्जरीनंतरही डॉक्टर देतात, आणि काही जणांना दुसरी सर्जरी लागते. इंजेक्शन घ्यावं लागलं म्हणून सर्जरी वाया गेली असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. ब्लडप्रेशरला एका गोळीने भागलं नाही तर दुसरी देतातच ना.

आणि आपण जे एकमेकांचे आधार म्हणवतो, त्यांनी थोडं वागणं बदलूया असं माझं म्हणणं आहे. "किती उतरलं?" हा पहिला प्रश्न बंद करूया. टाळ्या फक्त किलोला वाजवायच्या नाहीत, शुगरची गोळी सुटली, रात्रीचं घोरण्याचं मशीन सुटलं, लहान मुलाच्या मागे पळता आलं, रिपोर्टमध्ये बी-१२ नीट आलं, यालाही वाजवूया. स्लीव्हवाल्याने बायपासवाल्याशी, तिशीतल्याने साठीतल्याशी आकडे लावून बघायचे नाहीत. आणि कुणी दोन-तीन भेटींना आलं नाही तर ग्रुपवर नाव घेऊन विचारू नका, स्वतंत्र मेसेज करा, त्यात वजनाचा विषय नको, एवढंच की "मी पुढच्या आठवड्यात ब्लड टेस्ट करायला जातेय, तू पण चल, बरोबर जाऊ." आमच्या ग्रुपमधली एक ताई असंच करते, आणि तिच्यामुळे परत आलेले लोक मी डोळ्यांनी बघितलेत, त्यातल्या एकाचं हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं होतं की अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

जो गायब झालाय तो तुम्हीच असाल तर उद्या क्लिनिकला फोन करा. वजन किती वाढलं ते फोनवर सांगावं लागत नाही, "फॉलोअप बरेच दिवस राहिलाय, तारीख द्या" एवढं पुरतं. जाताना जुने रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन (आयर्नचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) या टेस्ट करायच्या आहेत का ते विचारा. एकट्याने जायला जड वाटत असेल तर ग्रुपमधल्या कुणाला तरी बरोबर चल म्हणा.