लोन टेकओव्हरला नक्की किती पैसे गेले

डिसेंबरात आमचं होमलोन एका हाऊसिंग फायनान्स कंपनीकडून उचलून सरकारी बँकेत नेलं. बँकवाले याला टेकओव्हर म्हणतात. तेव्हापासून सोसायटीतले तीन जण विचारून गेले की बाबा खर्च किती आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी का नेलं ते. शिल्लक ३२ लाख, १२ वर्षं बाकी, रेट ९.२५. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेट) चार वेळा मिळून सव्वा टक्का कमी केला, साडेसहाचा सव्वापाचवर आला, आणि आमचा रेट जागचा हलेना. कस्टमर केअरला विचारलं तर बाई म्हणाल्या, सर तुमचं लोन आमच्या पीएलआरला लिंक आहे. (पीएलआर म्हणजे कंपनी स्वतःच ठरवते तो मूळ रेट.) नंतर कळलं की ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग होमलोन रेपोसारख्या बाहेरच्या रेटला जोडायची सक्ती आहे ती फक्त बँकांना, हाऊसिंग कंपन्यांना नाही. म्हणजे बातमी बघून आम्ही खूश, आणि हप्ता तोच ३६,८६९.

बाबांचा विरोध होता. "अरे पेनल्टी लावतील दोन टक्के, गप बस." मुदतीआधी लोन फेडलं की त्यांच्या वेळी लावायचे खरं. पण फ्लोटिंग रेटच्या घरकर्जावर हाऊसिंग कंपन्यांना २०११ पासून आणि बँकांना २०१२ पासून ती लावता येत नाही. लोन बंद करतो म्हटल्यावर कंपनीचा सूर एकदम बदलला, पाव टक्का कन्व्हर्जन फी भरा, रेट ८.४ करून देतो. पाव टक्का म्हणजे ८,००० आणि वर जीएसटी, ९,४४०. (हे आधी का नाही सांगितलं म्हटलं तर "सर रिक्वेस्ट टाकावी लागते".) बँकेचा रेट होता ७.६, हप्ता ३३,९४०.

आता खर्च. प्रोसेसिंग फी ०.३५ टक्के सांगितली होती, ११,२०० अधिक १८ टक्के जीएसटी. घासाघीस करून पाच हजारावर आणली, टॅक्स धरून ५,९००. भाजीवाल्याशी करतो तशीच करायची, लाजायचं नाही. वकिलाचा सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीत घोळ नाही ना याचा) आणि घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर मिळून ४,१३०. व्हॅल्युअर आला, हॉलमध्ये उभं राहून चार फोटो काढले, चहा पण घेतला नाही. जुन्या कंपनीने फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचे ते पत्र) आणि कागदपत्रांच्या यादीचे ११८० घेतले. सरसाईला (गहाणांची केंद्रीय नोंदवही) नोंद करायचे ११८, ते किरकोळ.

खरा दणका स्टॅम्प ड्यूटीचा. महाराष्ट्रात कागदपत्रं बँकेकडे गहाण ठेवली की नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाण ठेवल्याची सरकारला सूचना) फाइल करावी लागते, आणि त्यावर लोनच्या ०.३ टक्के ड्यूटी. घर तेच, मालक तेच, पण बँक बदलली की गहाण नवीन, म्हणून ड्यूटी परत. ९,६०० गेले. फायलिंगचे १,३०० वेगळे. प्रोसेसिंग फीवर सगळे तावातावाने भांडतात आणि हे पैसे सरकारला जातात म्हणून कोणी हिशोबातच धरत नाही. एजंट सुद्धा ही गोष्ट शेवटी सांगतो, म्हणजे तुम्ही सह्या करून बसल्यावर.

आणि एक खर्च जो कुठल्याच कागदावर नाही. बँकेने चेक काढला ४ डिसेंबरला आणि त्या दिवसापासून त्यांचं व्याज सुरू, दिवसाला ६६६ रुपये. चेक माझ्या हातात आला सोमवारी ८ ला, मी हाफ डे टाकून कंपनीच्या ऑफिसात, तर तिथला मुलगा म्हणतो सर लेटरमधली रक्कम ५ तारखेपर्यंतची आहे, हेड ऑफिसला पोस्टिंग १२ ला होईल, सात दिवसांचे रोजचे ८११ प्रमाणे ५,६७७ कमी पडतायत. तिथेच उभं राहून मोबाईलवरून भरले. म्हणजे आठ दिवस एकाच घरावर दोन व्याजं. नवीन बँकेच्या बाजूचे ५,३२८ मी टेकओव्हरच्याच खर्चात धरतो. फोरक्लोजर लेटर मागताना तारीख दहाबारा दिवस पुढची मागा, एवढं तरी माझ्यावरून शिका.

सगळं मिळून २७,५५६. हप्त्यात वाचतात महिन्याला २,९२९, म्हणजे दहाव्या महिन्यात वसूल. जुन्याच कंपनीत ८.४ वर राहिलो असतो तर त्या तुलनेत (२७,५५६ वजा कन्व्हर्जनचे ९,४४०) वरचे १८ हजार सुटायला तेरा महिने. माझी १२ वर्षं बाकी होती म्हणून परवडलं. तीनचार वर्षं राहिली असतील किंवा शिल्लक आठदहा लाख असेल तर मी तरी कन्व्हर्जन फी भरून गप बसलो असतो.

दोन सापळे होते. एक, लोनसोबत ७८ हजारांची इन्शुरन्स पॉलिसी, "ती लोनमध्येच ॲड होते सर, खिशातून काही नाही". माझा टर्म प्लॅन आहे म्हटलं, दोन दिवस फाइल हलली नाही, मग हलली. दुसरा जास्त गोड. फॉर्मवर मुदत २० वर्षं टाकून हप्ता दाखवला २५,९७५. बायको म्हणाली अरे वा, अकरा हजार वाचले! रात्री एक्सेल काढलं तर १२ वर्षांच्या मानाने साडेतेरा लाख व्याज जास्त जात होतं. सकाळी जाऊन मुदत १२ करून घेतली, त्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा.

आता फक्त मूळ करारनामा आणि इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) जुन्या कंपनीकडून यायचंय. डिसेंबर २०२३ पासून नियम आहे, लोन फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई. आज चोविसावा दिवस. नव्या कालनिर्णयवर बायकोने ११ जानेवारीला लाल गोल केलाय, नेमका रविवार आहे, शेजारी दुधाचा हिशोब.